न पुसलेला फोन

बाईंच्या टेबलाच्या उजव्या हाताला एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटात एकतीस मोबाइल फोन राहत असत. राहत असत असंच म्हणायला हवं, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली होती, प्रत्येकाला नंबर होता आणि काहींना टोपणनावंही होती. एकदा चार्ज केला की तीन दिवस पुरणारा तो ‘उंट’. बोट लावावं एकीकडे आणि उघडावं भलतंच, तो ‘तिरसट’. ज्याची काच दोनदा बदलून झाली होती आणि तरीही ज्याला सगळे फुलासारखं जपायचे, तो ‘लाडोबा’. कपाटाला किल्ली एकच. ती बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला असायची.

ऑफिस लहान, चौदा माणसांचं. खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि मध्ये हे लोक. एका मोठ्या इस्पितळासाठी ते एक वेब ॲप चालवत. त्या इस्पितळाच्या एकशे ऐंशी सिस्टर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करायच्या आणि जखम कशी आहे, रक्तदाब किती, कोणतं औषध दिलं, ते त्या ॲपमध्ये लिहायच्या. हे ॲप वेगळं उतरवून घ्यावं लागत नसे. फोनच्या ब्राउझरमध्येच ते उघडायचं आणि त्याचं छोटं चित्र स्क्रीनवर ठेवून द्यायचं. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी लिहिलेली नोंद फोनमध्येच थांबायची. सिस्टर नेटवर्कमध्ये आली आणि तिने ॲप पुन्हा उघडलं, की ती इस्पितळात पोचायची.

सगळं गुण्यागोविंदाने चालायचं, वर्षातले दोन-तीन आठवडे सोडून. फोन बनवणारी कंपनी मध्येच सिस्टिमचं नवं अपडेट काढायची आणि कालपर्यंत शहाण्यासारखं वागणारं ॲप एकदम बावचळायचं. कधी ‘जतन करा’चं बटण खालच्या पट्टीआड दडी मारायचं, तर कधी कीबोर्ड अर्ध्या पानावर पाय पसरून बसायचा. एका वर्षी तर सगळ्या रुग्णांच्या जन्मतारखा एका दिवसाने मागे गेल्या होत्या. तेव्हापासून इस्पितळ कोणतंही अपडेट आपल्या एकशे ऐंशी फोनांवर घालण्याआधी या ऑफिसला विचारायचं, “घालू का?” आणि ऑफिस बाईंना विचारायचं.

बाईंकडे एकशे चाळीस तपासण्यांची यादी होती. अपडेट आलं की त्या फोन काढायच्या, अपडेट करायच्या आणि यादीतली एकेक ओळ तपासत जायच्या. दोन दिवस लागायचे. सगळं नीट निघालं की कागदाच्या तळाशी हिरव्या शाईने बरोबरची खूण करायच्या. ती खूण झाल्याशिवाय ऑफिसातून काही हलत नसे. ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते दारातून डोकावून विचारायचे, “बाई, हिरवं झालं का?”

या यादीतला पहिला नियम बाईंनी स्वतः घातला होता. अपडेट करण्याआधी फोन पुसायचा. फडक्याने नव्हे, तर आतलं जुनं सगळं काढून टाकून तो कोरा करायचा. जुन्या कचऱ्यावर नवी सिस्टिम चढवली तर दोष कचऱ्याचा की सिस्टिमचा, हे कळणार कसं? “आधी अंघोळ, मग नवे कपडे,” त्या म्हणायच्या. बारा वर्षांत एकही फोन बिनअंघोळीचा अपडेट झाला नव्हता.

त्या इथे आल्या होत्या टेलिफोनवर बसायला. दुसऱ्याच महिन्यात कुणाचा तरी फोन टेबलावर पडलेला दिसला, म्हणून त्यांनी सहज ॲप चाळून पाहिलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं, “हे बटण पटकन दोनदा दाबलं तर एकाच माणसाची दोन माणसं होतात.” साहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्या दिवसापासून टेलिफोन दुसऱ्याकडे गेला. घरी मूलबाळ नव्हतं. नवरा विम्याच्या कंपनीत, अबोल आणि सज्जन. अशा घरात ऑफिसातली ती हिरवी खूण म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यानेच ओळखावं.

बाईंना एक धाकटी बहीण होती. लहानपणी दोघींना सारख्या छत्र्या मिळाल्या. बाईंची अकरा वर्षं टिकली. धाकटीने आपली पहिल्याच आठवड्यात कुठेतरी विसरली आणि घरी येऊन अशी काही कहाणी रंगवून सांगितली, की आईला हसता हसता ठसका लागला. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. आपली छत्री झटकून, घडी घालून त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. हरवणाऱ्याचं कौतुक होतं आणि जपणाऱ्याचं होत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पटलं मात्र कधीच नाही.

त्या धाकटीची मुलगी नोकरीच्या शोधात त्यांच्याकडे राहायला आली. “ताई, तुझ्या हाताखाली राहिली तर जरा वळण लागेल गं तिला,” धाकटी फोनवर म्हणाली. बाईंनीच साहेबांकडे शब्द टाकला. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. ती एका जागी बसत नसे. तिच्या कपात नेहमी अर्धा चहा उरलेला असायचा आणि तो कप नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर सापडायचा.

पहिल्याच दिवशी भिंगरीने सगळ्यांसमोर “अगं मावशी!” अशी हाक मारली. आठवडा संपेपर्यंत सगळं ऑफिस मावशी म्हणायला लागलं. बारा वर्षं कमावलेलं ‘बाई’ सहा दिवसांत गेलं. आपण मात्र त्यांना बाईच म्हणू. ॲप लिहिणारा मुख्य प्रोग्रामर, ज्याला नाकावरून सारख्या घसरणाऱ्या चष्म्यामुळे चष्मेवाला म्हणत, तो पूर्वी बाईंशी बोलताना खुर्चीतून उठायचा. आता बसल्याबसल्या हात पुढे करून म्हणायचा, “मावशी, तो लाडोबा द्या ना जरा.”

म्हटलं तर यात दुखण्यासारखं काय आहे? पण बाईंच्या पोटात दुखायचं. भिंगरी यादीतल्या ओळी गाळायची आणि तरी कुणी तिला बोलायचं नाही. साहेब तिला विचारायचे, “काय गं, हे पान तुला कसं वाटतं?” वाटतं! बाईंना कुणी कधी वाटतं का विचारलं नव्हतं. चालतं का, एवढंच विचारलं होतं.

घरीही सुटका नव्हती. संध्याकाळी भिंगरी आणि तिचे काका, म्हणजे बाईंचा नवरा, पत्ते कुटायला बसायचे.

“काका, तुम्ही पत्ते लपवताय!”

“मी नाही गं लपवत. ते आपणहून बाहीत शिरतात. त्यांना थंडी वाजत असेल.”

भिंगरी खिदळली आणि पाठोपाठ काकाही हसले, चांगलं खांदे हलवून. बाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. सव्वीस वर्षांच्या संसारात हा विनोद त्यांच्या वाट्याला आला नव्हता. असा विनोद या माणसाजवळ आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

“तुम्हाला उद्या लवकर जायचंय ना?” त्या आतून म्हणाल्या.

“नाही,” नवरा म्हणाला आणि पुढचा डाव वाटला.

सहाव्या महिन्यात, एका सोमवारी, नवं अपडेट आलं. इस्पितळाच्या सिस्टर वापरायच्या त्या जातीचे कपाटात तीनच फोन होते: उंट, तिरसट आणि लाडोबा. इस्पितळाला उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं, कारण शनिवारी ते आपल्या सगळ्या फोनांवर अपडेट घालणार होते. बाईंनी तिरसट पुसला, अपडेट केला आणि कामाला लागल्या. लाडोबा त्यांनी सरावासाठी भिंगरीला दिला. “पहिल्या चाळीस ओळी कर,” म्हणाल्या. मंगळवारी संध्याकाळी त्यांची एकशे चाळिसावी ओळ संपली. सगळं नीट होतं. हिरवी खूण तेवढी सकाळी साहेबांसमोर करायची म्हणून त्यांनी ठेवली.

बुधवारी अकरा वाजता सगळे साहेबांच्या खोलीत जमले. बाईंनी कागद पुढे ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, एक गंमत सांगू?” भिंगरी म्हणाली. “माझ्या लाडोबातून तीन रुग्ण पळून गेले.”

“पळून गेले म्हणजे?”

“शुक्रवारी मी नेटवर्क बंद करून तीन खोट्या भेटी लिहिल्या होत्या. त्या आत थांबल्या होत्या, मी पाहिल्या होत्या. मग अपडेट केलं. आता ॲप उघडलं तर एकही नाही. इस्पितळातही पोचल्या नाहीत.”

“फोन पुसला होतास?” बाईंनी विचारलं.

भिंगरीने जीभ चावली. “अय्या, नाही गं मावशी. राहूनच गेलं.”

सगळे हसले. बाईंना बरं वाटलं. “मग झालं तर. न पुसलेल्या फोनात काय वाट्टेल ते दिसेल. म्हणूनच तो पहिला नियम आहे.” त्यांनी पेन कागदाला टेकवलं.

चष्मेवाला हसला नव्हता. त्याने चष्मा वर ढकलला. “पण मावशी, सिस्टर कुठे पुसतात?”



“समजा, एखादी सिस्टर दिवसभर नेटवर्क नसलेल्या भागात फिरली,” तो हळूहळू बोलत होता, जणू स्वतःलाच समजावत होता. “घरी आली, दमलेली. ॲप न उघडताच फोन चार्जिंगला लावला. फोनचं अपडेट झालं. सकाळी पाहते तर कालच्या सगळ्या भेटी गायब. कोणाला कोणतं औषध दिलं, काही पत्ता नाही. दुसरी सिस्टर जाऊन तेच औषध पुन्हा देईल. आपण प्रत्येक वेळी फोन आधी कोरा करतो. म्हणजे हरवायला आत काही शिल्लकच नसतं. हे आपल्याला दिसणार कसं?”

तो ‘तुम्ही’ म्हणाला नाही, ‘आपण’ म्हणाला. बाईंना ते सौजन्य जास्त झोंबलं.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. “बघा! बारा वर्षांत जे कुणाला दिसलं नाही, ते हिच्या वेंधळेपणाला दिसलं! भिंगरे, तू अशीच विसरत जा.” पुन्हा सगळे हसले, पण हे हसू वेगळं होतं. बाईंनी ते लहानपणी ऐकलेलं होतं.

“मावशी, तुमचं हिरवं जरा थांबवा,” साहेब म्हणाले. बाईंनी टोपण परत लावलं.

आता दाखवायचं कसं, हा प्रश्न होता. नोंदी जायच्या त्या जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाताना, आणि एकदा नवी चढली की फोनला मागे फिरता येत नाही. तिरसट आणि लाडोबा दोन्ही पुढे गेले होते. दुकानातून नवा फोन आणावा तर तो नवी सिस्टिम घेऊनच येणार. जुना एकटा उंट उरला होता आणि त्याच्यावर हा प्रयोग एकदाच होणार होता. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या एका मुलीच्या सांगण्यावरून इस्पितळ शनिवारचं काम थांबवणार नाही, हे साहेब ओळखून होते. त्यांनी ठरवलं की गुरुवारी अकरा वाजता इस्पितळातून मोठ्या सिस्टर येतील, त्या एकशे ऐंशी जणींच्या प्रमुख. त्यांच्या डोळ्यांदेखत उंटाचं अपडेट करायचं. नोंदी गेल्या तर त्या स्वतःच शनिवारचं काम थांबवतील. राहिल्या तर लाडोबाची ती नुसती खोडी समजायची आणि बाईंनी हिरवी खूण करायची.

दुपारी भिंगरीने उंटाचं वाय-फाय बंद केलं, त्यात तीन भेटी लिहिल्या आणि फोन बाईंच्या हातात दिला. “मावशी, जप हं याला.”

जप! बाईंना सांगत होती!

साडेपाचला ऑफिस रिकामं झालं. भिंगरी चष्मेवाल्याबरोबर जिना उतरताना मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. बाई कपाट लावायला उठल्या. किल्ली हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या.

उद्या काय काय होईल, ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. भिंगरी मधोमध बसेल. मोठ्या सिस्टर तिला विचारतील, तुला कसं गं सुचलं? आणि आपण कडेच्या खुर्चीत, मांडीवर कागद घेऊन, पेनाचं टोपण लावून बसू. नोंदी राहिल्या तरी लोक म्हणतील, पोरीने धाडस तर केलं. गेल्या तर मग बोलायलाच नको.

पण आजच पाहिलं तर? नोंदी जाणार नाहीत, याची बाईंना खात्री होती. भिंगरीनेच काहीतरी घोळ घातला असणार. तसं निघालं तर उद्या मोठ्या सिस्टर आल्या-आल्या आपण उंट त्यांच्यापुढे ठेवायचा आणि शांतपणे सांगायचं, मी पाहून ठेवलंय, तिन्ही नोंदी जागेवर आहेत. एवढ्यासाठी तुम्हाला उगाच त्रास दिला. भिंगरीचं तोंड त्यांना आत्ताच दिसलं आणि, खोटं कशाला बोला, गोड वाटलं.

त्यांनी उंट बाहेर काढला. तिन्ही नोंदी आत आहेत ना ते पाहिलं, ॲप बंद केलं, वाय-फाय सुरू केलं आणि ‘आता अपडेट करा’वर बोट ठेवलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फोन न पुसता अपडेट केला.

पंचवीस मिनिटं लागली. स्क्रीन काळी झाली, पट्टी सरकत राहिली. वरच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र घरघरत होतं. सहाला पाच कमी असताना उंट जागा झाला. बाईंनी ॲप उघडलं.

आत काही नव्हतं.

त्यांनी बंद करून पुन्हा उघडलं. फोन बंद करून चालू केला आणि तिसऱ्यांदा उघडलं. तीन रुग्ण, तीन रक्तदाब, तीन औषधं, सगळं धुतल्यासारखं साफ. इस्पितळातही काही पोचलं नव्हतं.

“मेली बरोबर निघाली,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

आणि मग त्यांना आपण काय केलं ते कळलं. हे खरं आहे, एवढं कळलेलं माणूस आता जगात एकच होतं आणि ते खरं दाखवता येण्याची वाट त्या माणसानेच बुजवली होती. त्यांनी उंट जागेवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. वाय-फाय तसंच सुरू राहिलं.

घरी भिंगरी शर्टाला इस्त्री करत होती. “मावशी, उद्या माझी बोबडी वळली तर तू बोल हं. तू माझ्या शेजारीच बस.”

“मी कशाला? शोध तुझा आहे,” बाई म्हणाल्या आणि दिवा लावायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेल्या.

मोठ्या सिस्टर बरोबर अकराला आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आणि अकरा वाजून एक मिनिट झालं तर घड्याळाकडे बघणाऱ्या. भिंगरीने उंट टेबलावर ठेवला. “आधी यात काय आहे ते दाखवते,” म्हणत तिने ॲप उघडलं आणि तिचं बोट हवेतच राहिलं.

“हे... यात तर काहीच नाही.”

चष्मेवाल्याने फोन ओढून घेतला. “वाय-फाय सुरू आहे. रात्री आपोआप अपडेट झालंय याचं!”

“वाय-फाय बंद केलं होतंस ना?” साहेबांनी विचारलं.

“केलं होतं. म्हणजे... केलंच होतं बहुतेक.” भिंगरीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिच्या कपातला अर्धा चहा कोणी पाहिला नव्हता? तिचे खांदे खाली आले. “विसरले असेन. माझंच चुकलं असणार.”

बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण आणखी घट्ट केलं.

“नोंदी गेल्या आहेत, हे खरं ना पण?” चष्मेवाला म्हणाला.

“गेल्या, की लिहिल्याच नव्हत्या?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “ही मुलगी वाय-फाय बंद करायला विसरते, ती नोंदी जतन करायला विसरली नसेल कशावरून?”

साहेब पुढे सरकले. “सिस्टर, तुमच्याकडचा एखादा फोन मिळाला तर...”

“म्हणजे मी माझ्या एका मुलीची ड्यूटी थांबवू? कशासाठी? तुम्हाला एक फोन एक दिवस सांभाळता आला नाही!” त्यांनी पर्स उचलली. “मला एवढंच सांगा, शनिवारी अपडेट घालायचं की नाही?”

साहेबांनी सुस्कारा सोडला. एकशे चाळीस ओळींचा कागद त्यांनी बाईंपुढे सरकवला. “बाई, तुमची यादी तर पूर्ण आहे. करून टाका हिरवं.”

साहेब ‘बाई’ म्हणाले होते. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाईंच्या पेनावर होत्या आणि भिंगरी मान खाली घालून बसली होती. सहा महिने ज्याच्यासाठी बाईंचा जीव जळत होता, ते सगळं न मागता त्यांच्या मांडीवर येऊन पडलं होतं. त्यांनी टोपण काढलं.

हात पुढे जाईना. भिंगरीची दया आली असं म्हणावं तर ते खरं नव्हतं. तिच्या पडलेल्या खांद्यांकडे पाहताना बाईंच्या मनात एक कोपरा अजूनही सुखावत होता, आणि हे त्यांना कळत होतं. अडलं होतं ते दुसरंच. जे स्वतःच्या डोळ्यांनी मोडलेलं पाहिलं, त्याच्यापुढे बरोबरची खूण करायला त्यांचा हात वळत नव्हता. तो कधीच वळला नव्हता.

“हिने बंद केलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“वाय-फाय. हिने बंद केलं होतं, मी सुरू केलं. काल साडेपाच वाजता. अपडेट मी केलं.”

भिंगरीने मान वर केली.

“अहो, पण का?” साहेबांचा आवाज चढला.

बाईंनी यासाठी एखादं कारण रात्रीपासून शोधलं होतं. नियम, चाचणी, काळजी. यातलं काहीही चाललं असतं. “हिच्या आधी मला बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. “हिचं खोटं ठरलं असतं तर मला हवं होतं.”

मोठ्या सिस्टरांनी पर्स पुन्हा खाली ठेवली. “मग? काय पाहिलंत?”

“आधी तीन नोंदी होत्या. अपडेटनंतर एकही नाही. फोन बंद-चालू करून तीनदा उघडून पाहिलं.”

मोठ्या सिस्टरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, रुग्णाकडे पाहावं तसं. “स्वतःचं नाक कापून घेऊन कोणी खोटं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “शनिवारचं थांबवा. माझ्या मुलींना मी निरोप देते. आणि साहेब, सोमवारी माझ्याकडचा एक फोन पाठवते. तो तरी नीट सांभाळा.”

सोमवारी तो फोन आला आणि त्याच्यातल्याही नोंदी गेल्या. चष्मेवाल्याला ॲप दुरुस्त करायला नऊ दिवस लागले. साहेब बाईंना रागावले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि बाईंनी दोरीची किल्ली सोडवून त्यांच्या तळव्यावर ठेवली. तेव्हापासून ती दारामागच्या खिळ्याला असते. ज्याला हवी त्याने घ्यावी.

त्या गुरुवारी जिना उतरताना भिंगरी दोन पायऱ्या पुढे होती. ती मध्येच थांबली आणि वळली.

“तू आधी केलंस त्याचं मला काही नाही वाटलं मावशी. पण मला वाटलं, मी खरंच विसरले. सगळ्यांनी मान्य केलं, मीसुद्धा केलं. दहा मिनिटं मला माझीच लाज वाटत होती, आणि तू शेजारी बसून ती वाटू दिलीस.”

महिनाअखेरीला भिंगरी ऑफिसातल्या दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. भांडण म्हणावं तर ते झालं नाही. ऑफिसात ती “मावशी” म्हणायची, कागद द्यायची-घ्यायची. घरी नवरा संध्याकाळी एकटाच पत्ते मांडून बसायचा. काय झालं ते त्याने विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. एकदा मात्र त्या त्याच्यासमोर जाऊन बसल्या. “मला शिकवा,” म्हणाल्या. त्याने चार डाव शिकवले, अगदी नीट, नियमांसकट. बाहीत पत्ता काही शिरला नाही.

चार महिन्यांनी पुढचं अपडेट आलं. आता साहेबांचा हुकूम होता की निम्मे फोन न पुसता, सिस्टर वापरतात तसे वापरलेले घ्यायचे. बाईंनी एक फोन दिवसभर मन लावून वापरला आणि संध्याकाळी तो घेऊन भिंगरीच्या टेबलाशी गेल्या.

“हे बरोबर आहे का बघ. सिस्टरच्या फोनासारखा झालाय का?”

भिंगरीने स्क्रीन सरकवली. एकूण एक नोंद पूर्ण होती, एकूण एक पान बंद केलेलं. “मावशी, हा पुसलेल्यापेक्षा स्वच्छ आहे.”

शेजारी चष्मेवाला फिस्सकन हसला. भिंगरी हसली नाही, तिने फोन खिशात टाकला. तासाभराने त्याच्यात एक अर्धवट सोडलेली नोंद होती, उघडीच राहिलेली अकरा पानं होती, छताच्या पंख्याचा चुकून काढलेला फोटो होता, मध्येच थांबलेलं गाणं होतं आणि चार्जिंग नऊ टक्क्यांवर आलं होतं. या तासात भिंगरीने त्या फोनासाठी मुद्दाम असं काहीच केलं नव्हतं. ती फक्त नेहमीसारखी वावरली होती.

बाई फोन घेऊन आपल्या जागेवर आल्या. पोटात दुखायचं ते दुखलंच. उलट जरा जास्तच, कारण आता ते कशाने दुखतंय हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्यांनी यादीचा कागद ओढला आणि शेवटच्या ओळीखाली लिहायला घेतलं. एकशे एक्केचाळीस: नोंद अर्धी सोडावी. एकशे बेचाळीस: पानं उघडीच ठेवावीत. एकशे त्रेचाळीस... लिहिता लिहिता त्या मध्येच थांबायच्या, फोनमध्ये बघायच्या आणि पुन्हा लिहायच्या. एकूण नऊ ओळी झाल्या. त्यातली एकही त्यांना स्वतःहून सुचली नसती.